‘उष्णता होती, गेली’ म्हणतात, पण लेंग्यावरचे डाग मी पाहिलेत

पत्राचा सारांश: इचलकरंजीजवळच्या एका गावातून 31 वर्षांच्या सुनेनं हे पत्र लिहिलं आहे. नवरा नोकरीला पुण्यात, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. घरी सासूबाई, लग्न ठरलेली नणंद, शाळेत जाणारा मुलगा आणि 63 वर्षांचे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी 27 वर्षं कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये काम केलं. विडी अजून सुटलेली नाही. दहा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू होत्या. आषाढात त्यांचा लेंगा भिजत घालताना पुढच्या बाजूला तांबूस डाग दिसले. विचारल्यावर ‘उष्णता झालीय’ म्हणाले. आठ दिवस धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गुलकंद झालं आणि लघवी स्वच्छ झाली. गेल्या आठवड्यात पुन्हा तेच. या वेळी मोरीतल्या पांढऱ्या फरशीवर लालभडक दिसलं. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दोन दिवसांत, काहीच न घेता, थांबलंही. ओळखीचा मेडिकलवाला म्हणाला, ‘पातळ गोळ्यांनी होतंय, बंद ठेवा.’ आबांनी त्या दिवसापासून दोन्ही गोळ्या बंद केल्या आहेत. नणंदेचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांवर आलं आहे. ‘लग्न होईस्तोवर कुणाला बोललीस तर माझी शपथ आहे,’ असं आबांनी बजावलं आहे. पत्रलेखिका विचारतात: ही उष्णताच असेल का? गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का? आता थांबलंच आहे, तर लग्नानंतर दाखवलं तर चालेल का? आणि शपथ मोडू का?

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आजच हवं आहे. गोळ्या बंद ठेवू नका. ज्या डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी केली त्यांच्याकडे आजच फोन करून सांगा, की लघवीतून रक्त गेलं म्हणून आबांनी दोन्ही गोळ्या अमुक दिवसापासून बंद केल्या आहेत, आता काय करू? ते सांगतील तसं करा. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवून वर्षसुद्धा झालेलं नाही. या काळात गोळ्या अचानक थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. एखादी गोळी थोडे दिवस थांबवायची वेळ कधी कधी येते, पण ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं, मेडिकलच्या काउंटरवर नाही. मेडिकलवाला भला माणूस असेल, पण त्याच्यासमोर आबांची फाइल नव्हती.

आणि त्याच्या बोलण्यात एक मोठी चूक आहे, जी मी बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकते. पावसानं कौल फुटत नाही. फुटलेलं असेल तर पावसात कळतं, एवढंच. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचं तसंच आहे. एरवी जी बारीकशी गळती लपून राहिली असती, ती या गोळ्यांमुळे लवकर दिसते. म्हणूनच गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसलं, तरी तपासण्या इतरांइतक्याच पूर्ण करायच्या असतात. ‘गोळ्यांमुळे आहे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आता उष्णतेचं. आबांच्या या शब्दाला मी हसणार नाही. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ असं म्हणतात तेव्हा त्यामागे खरा अनुभव असतो: लघवीला आग होते, थेंब थेंब होते, सारखं जावंसं वाटतं. बऱ्याचदा तो जंतुसंसर्ग असतो. कधी पाणी कमी पडून लघवी गडद झालेली असते. पण तुम्हीच लिहिलं आहे की आबांना जळजळ नाही, आग नाही, घाईची लागत नाही. म्हणजे आपल्या जुन्या बायाबापड्यांच्या भाषेतसुद्धा ही उन्हाळी नव्हे. पाणी कमी प्यायल्यानं लघवी गडद पिवळी होते, फार तर चहासारखी होते. फरशीवर लालभडक डाग त्यानं पडत नाही.

पत्र पुन्हा एकदा वाचा. आषाढात रक्त थांबलं तेव्हा पातळ गोळ्या चालूच होत्या. गेल्या आठवड्यात थांबलं तेव्हा सब्जा नव्हता, गुलकंद नव्हता. दोन्ही वेळा थांबलं ते आपोआपच. मूत्रमार्गातल्या रक्ताची ही सवयच असते. येतं, थांबतं, महिना-दोन महिने दडी मारतं, पुन्हा येतं. मधल्या काळात माणूस जो उपाय करत असतो त्याला श्रेय मिळतं. धने-जिऱ्याचं पाणी प्यायल्यानं काही वाईट होत नाही, आबांना आवडत असेल तर पिऊ दे. पण त्या आठ दिवसांच्या आधारावर दोन महिने गेले, हे वाईट झालं.

बीट खाल्लं होतं का, हेही विचारून घ्या. बिटाच्या कोशिंबिरीनं काहींची लघवी गुलाबी होते आणि घरात उगीच घबराट होते. टीबीच्या औषधांतली रिफाम्पिसिन ही गोळी लघवी नारिंगी-लाल करते. असं काही असेल तर लघवीच्या साध्या तपासणीत तांबड्या पेशी दिसत नाहीत आणि प्रश्न तिथेच मिटतो. मात्र लेंग्यावर वाळून तांबूस झालेला डाग, फरशीवर ताजा लाल, तोही दोन महिन्यांच्या अंतरानं, हे बिटाचं काम वाटत नाही.

दुखत नाही ही तुम्हाला दिलाशाची गोष्ट वाटते आहे. मला ती तशी वाटत नाही, आणि तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मुतखडा असता तर बहुधा आबा कमरेपासून जांघेपर्यंत कळ येऊन गडाबडा लोळले असते. संसर्ग असता तर जळजळ, कदाचित थंडी वाजून ताप आला असता. ही दुखणी माणसाला स्वतःच दवाखान्यात आणून बसवतात. न दुखता, मधूनच, उघड दिसणारं रक्त, वय साठीच्या पुढे आणि विडीची सवय, हे सगळं एकत्र आलं की डॉक्टरच्या मनात पहिला विचार लघवीच्या पिशवीतल्या गाठीचा येतो. यायलाच हवा.

विडीचा आणि लघवीच्या पिशवीचा काय संबंध, असं आबा विचारतील. धुरातली घातक रसायनं फुप्फुसातून रक्तात जातात, किडनी ती रक्तातून गाळून लघवीत टाकते, आणि ती लघवी पिशवीत तासन्‌तास साठून राहते. पिशवीचं आतलं अस्तर वर्षानुवर्षं त्यात भिजत राहतं. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांत धूम्रपान हे कारण असतं. लोकांना विडी म्हटलं की घसा आणि फुप्फुस आठवतं, पिशवी कुणाला आठवत नाही.

दुसरं रंगाचं. 1895 साली लुडविग रेन या जर्मन सर्जननं फ्रँकफर्टमध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयात गाठी होतात असं मांडलं होतं. पुढे कळलं की काही रंग बनवताना वापरली जाणारी अरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं त्याला कारण आहेत, आणि तीच विडी-सिगारेटच्या धुरातही असतात. संपर्क आणि आजार यांत दहा, वीस, कधी तीस वर्षांचं अंतर पडू शकतं. आबा कोणते रंग हाताळत होते हे मला माहीत नाही, त्यामुळे त्यांच्या कामाला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. पण डॉक्टरांना हे सांगायला हवं. आपल्याकडे केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’ किंवा ‘शेती’ लिहून लोक पुढे जातात, आणि माणूस 27 वर्षं रंगाच्या वाफेत उभा होता ही गोष्ट खोलीबाहेरच राहते. तुम्ही ती स्वतः बोला: किती वर्षं, काय काम, हातमोजे होते का.

घाबरलात ना? आता दुसरी बाजू. मोठ्या माणसांत डोळ्यांना दिसण्याइतकं रक्त लघवीतून जातं, तेव्हा साधारण दहांपैकी आठ-नऊ जणांत कारण कॅन्सरशिवाय दुसरंच निघतं. आबांचं वय, विडी आणि रंगाचं काम यामुळे त्यांचा धोका या सरासरीपेक्षा जास्त आहे हे खरं, तरी दुसऱ्या कारणांची शक्यता मोठी आहे. साठीनंतर प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांत पिशवीच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, वाढते, तिच्यावरच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त येतं. आबा रात्री तीनदा उठतात असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकू नका, डॉक्टरांना सांगा. पिशवीत न दुखणारा खडा असू शकतो. किडनीचा टीबी असू शकतो, ज्यात लघवीत पस सेल्स म्हणजे पुवाच्या पेशी दिसतात पण नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडत नाहीत. आणि सगळ्या तपासण्या होऊन काहीच सापडलं नाही, असंही बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं.

पाहिल्याशिवाय कळत नाही, याचं आपल्या कोकणातलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी नावाचं गाव आहे. तिथल्या काही लोकांना लघवीतून रक्त जायचं. 1952 साली त्याचं कारण जगासमोर आलं. लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली शिस्टोसोमा नावाच्या कृमीची अंडी दिसली. हा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. आफ्रिकेत हा आजार फार आहे, पण आपल्याकडे तो असेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. कुणीतरी लघवीचा थेंब काचेवर घेऊन नीट बघितला म्हणून कळलं. (नोकरीनिमित्त आफ्रिकेत राहून, तिथल्या नदी-तळ्यात पोहून आलेल्या वाचकांनी लघवीत रक्त दिसल्यास हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.)

मी हे सगळं इतक्या पोटतिडकीनं लिहिते आहे त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात शेतमजुरी करणारी एक बाई यायची, पन्नाशी ओलांडलेली. लघवीत रक्त, थोडी जळजळ. बायकांना संसर्ग होतोच, म्हणून मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही वेळा मी कल्चर पाठवलं नाही, कारण तिचा दिवसाचा रोज बुडत होता आणि मला वाटलं, कशाला तिला खर्चात पाडा. चौथ्या वेळी ती आली ती रक्ताच्या गाठी पडतात म्हणून. पिशवीतली गाठ तोवर स्नायूत उतरली होती. लघवीची पिशवी काढावी लागली. पुढे ती बीपी तपासायला यायची, पोटाला लावलेली बाहेरची पिशवी पदराखाली झाकून, आणि मला म्हणायची, ‘बाई, तुमच्या गोळ्यांनी दर वेळी गुण यायचा की हो.’ ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. बायकांत हा कॅन्सर उशिरा सापडतो त्याला हे एक मोठं कारण आहे. दर वेळी ‘उन्हाळी’ म्हणून, ‘इन्फेक्शन’ म्हणून, पाळी जाताना होतंय म्हणून वेळ निघून जाते. ज्या बाईला जळजळीसोबत रक्त दिसलं, तिनं औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्यावी. रक्त गेलेलं नसेल, किंवा संसर्ग सारखा सारखा होत असेल, तर पुढची तपासणी मागून घ्यावी. डॉक्टरनं सुचवलं नाही तरी मागावी.

आता तुमचा लग्नाचा प्रश्न. तपासणी म्हणजे मोठं लचांड, एकदा दवाखान्याची पायरी चढलो की लग्नघर विस्कटणार, हे आबांनी गृहीत धरलं आहे आणि तुम्हीही. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.

पहिल्या दिवशी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार स्वच्छ डबीत धरायची आणि तासाभरात लॅबमध्ये द्यायची. घरून आदल्या रात्री भरून नेलेल्या बाटलीचा उपयोग नाही, पेशी विरघळून जातात. त्याच दिवशी रक्ताची तपासणी, त्यात क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम कळतं. मग पोटाची सोनोग्राफी, भरल्या लघवीनं. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली की लोक पेढे वाटतात, तिथं थांबू नका. बारीक गाठ सोनोग्राफीत सुटू शकते. आबांसारख्या माणसाला युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्गाच्या तज्ज्ञाकडे, जाऊन दुर्बिणीनं पिशवी आतून बघून घ्यावीच लागते. बहुधा सीटी स्कॅनही सांगतील, किडनीपासून खालपर्यंतचा रस्ता बघायला. दुर्बीण म्हटलं की पुरुषमंडळी हादरतात. बारीक, लवचीक दुर्बीण असेल तर मार्गात बधिर करणारी जेली घालून ती आत सरकवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. सरळ दुर्बीण असेल तर कमरेखाली भूल देतात. नंतर एक-दोन दिवस लघवीला आग होते. एवढंच. मनावर घेतलं तर हे सगळं आठ-दहा दिवसांत आटपतं. लग्नाला अडीच महिने आहेत.

समजा गाठ सापडलीच. ती लघवीच्या वाटेनंच, पोटावर टाका न घालता, दुर्बिणीतून खरवडून काढतात आणि तपासायला पाठवतात. दवाखान्यात साधारण दोन-चार दिवस. मूत्राशयाचा कॅन्सर सापडतो तेव्हा सुमारे 75 टक्के रुग्णांत तो स्नायूपर्यंत पोचलेला नसतो, आणि अशा वेळी पिशवी वाचवता येते. काहींना पुढे पिशवीत बीसीजी सोडतात, तीच बीसीजी जी बाळाच्या दंडावर टोचतात. अशा गाठी पुन्हा उगवतात म्हणून दर काही महिन्यांनी दुर्बिणीनं बघत राहावं लागतं. हे त्रासाचं आहे, पण माणूस चालता-फिरता राहतो. आत्ता गेलात तर आबा मांडवात कन्यादानाला बसण्याची शक्यता भक्कम आहे. उलट थांबलात, आणि ऐन हळदीच्या दिवशी रक्ताच्या गुठळीनं लघवी अडली, तर पोट टम्म फुगून, तळमळत, रात्री अपरात्री कोल्हापूर गाठावं लागेल. आबा ज्या कारणासाठी थांबा म्हणताहेत, नेमक्या त्याच कारणासाठी थांबू नये.

खर्चाची चिंता पत्रात तुम्ही लिहिली नाहीत, पण लग्नघरात ती असतेच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. सगळ्या तपासण्या त्यात बसतीलच असं नाही, पण शस्त्रक्रियेची वेळ आली तर मोठा भार हलका होतो.

राहिली शपथ. पत्रात तुम्ही लिहिलं आहे, ‘मी बोलले आणि त्यांना काही झालं तर मलाच लागेल.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. ताई, तुम्ही सून आहात, सासऱ्याच्या लघवीबद्दल बोलायचं म्हणजे जीभ रेटत नाही, त्यात हा शपथेचा धोंडा गळ्यात. तुमच्यावर आलेलं ओझं खूप आहे आणि ते एकटीनं उचलायचं नाही. आबांनीही वाईट हेतूनं घातलेलं नाही. मला वाटतं, ते तुमच्याइतकेच घाबरलेले आहेत. ज्या माणसाला खरंच उष्णता वाटते, तो शपथ घालत नाही. तो सुनेला म्हणतो, ‘जरा सब्जा भिजत घाल’, आणि विसरून जातो. त्यांनी मनात कॅन्सरचं नाव घेतलेलं आहे, आणि लेकीचं लग्न होईपर्यंत ते नाव कुणी मोठ्यानं उच्चारू नये असं त्यांना वाटतं. कदाचित सासरकडची मंडळी काय म्हणतील हीही भीती असेल. म्हणून त्यांना हे पटवायला जाऊ नका, की ‘तुम्हाला गंभीर काहीतरी असू शकतं.’ ते त्यांना तुमच्याआधी कळलं आहे. त्यांना हे सांगायला हवं की आठ दिवसांत कळेल, लग्न आहे तसंच होईल, आणि आपण बाहेर कुणाला काही सांगणार नाही.

लहानपणी आपण शपथ घालायचो आणि मग दुसऱ्याला म्हणायचो, ‘सुटली म्हण.’ ज्यानं घातली त्यानं ‘सुटली’ म्हटलं की झालं. तसंच करा. सकाळी सासूबाई देवपूजेत असतात तेव्हा, चहा देताना, उभ्या उभ्या नाही, समोर बसून बोला. ‘आबा, मला ही शपथ पेलवत नाही. मी रात्री झोपत नाही. तुम्ही सुटली म्हणा, मग मी फक्त यांना सांगते, दुसऱ्या कुणाला नाही.’ भांडण नको, रडणं आलं तर येऊ दे. जुन्या माणसांना धमकीपेक्षा हे जास्त लागतं. ते ‘सुटली’ म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले, तर त्या संध्याकाळी तुम्ही नवऱ्याला फोन करून सगळं सांगा, आणि मनात कुठलीही किल्मिषं ठेवू नका. माणसाच्या अंगातून रक्त जातंय हे लपवायची शपथ मी तरी बंधन मानत नाही. ती मोडल्यानं आबांना काही होणार नाही. झालंच तर पाळल्यानं होईल.

नवऱ्याला सांगताना ‘आबांना बरं नाही’ असं मोघम सांगू नका, तो ‘दिवाळीत आलो की बघू’ म्हणेल. सरळ सांगा: दोनदा रक्त गेलं, अमुक महिन्यात आणि अमुक तारखेला, आणि हृदयाच्या गोळ्या बंद आहेत. दवाखान्यात आबांसोबत आत त्यानंच जावं. डॉक्टर काही प्रश्न असे विचारतील की सुनेसमोर आबा उत्तर देणार नाहीत: रक्त सुरुवातीलाच येतं की शेवटी, की पूर्ण धारच लाल असते, रक्ताच्या गाठी पडतात का, पडल्या तर कशा आकाराच्या. सुरुवातीचं रक्त बहुधा खालच्या मार्गातलं, शेवटचे थेंब पिशवीच्या तोंडाजवळचे, आणि सगळी धार लाल असेल तर पिशवी किंवा वरचा भाग. ही उत्तरं तपासणीची जागा घेत नाहीत, पण दिशा देतात. पुन्हा लाल लघवी झाली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवायला आबांना सांगा. लाज वाटली तरी काढावा. एक मिलिलीटर रक्तसुद्धा लिटरभर लघवी लाल दिसायला पुरतं, म्हणजे रंगावरून किती रक्त गेलं ते ठरत नाही. पण तारीख आणि फोटो असला की ‘तेव्हा बहुतेक बीट खाल्लं असेल’ ही पळवाट राहत नाही.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. मुलाची लघवी कोका-कोलासारखी किंवा काळ्या चहासारखी झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, आणि एक ते तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखला होता किंवा तीन ते सहा आठवड्यांपूर्वी अंगावर फोड आले होते, तर किडनीच्या गाळणीला सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लघवी आणि बीपी दोन्ही तपासा. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना खूप धावल्यावर कधी लाल लघवी होते आणि दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनं जाते. तरी ती गेल्याची खात्री तपासून करावी, आणि लघवी काळपट होऊन कमी झाली, मांड्या-पोटऱ्या ठणकत असतील तर थेट रुग्णालय गाठावं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे ज्यांच्या घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यांनी ते डॉक्टरांना सांगावं, नुसतं वाहक असलं तरी त्यातून लघवीत रक्त येऊ शकतं. आणि कुणाचीही लघवी रक्ताच्या गुठळीनं अडली, थंडी वाजून ताप आला, किंवा चक्कर येऊन घाम फुटला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

ताई, तुमच्यासाठी शेवटचं काम. एका पिशवीत आबांची अँजिओप्लास्टीची फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुने रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार भरून ठेवा. नवरा शनिवारी रात्री येईल तेव्हा शोधाशोध नको. सोमवारी सकाळी निघा. आबांना वाटेत विडी ओढू देऊ नका, आणि रविवारी घरात बिटाची कोशिंबीर करू नका.